पद्मिनी घेऊन बाहेरगावी निघालात आणि गाडी रस्त्यातच बसली, तर काय काय करायचं

माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, १९८८ ची आहे. नागपुरात रोज चालते, म्हणजे धरमपेठेतून महालात, महालातून सदरला, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाहेरगावी. शहरात बंद पडली तर तिचं दुःख नाही. फोन केला की मिस्त्री काका मोपेडवर येतात, नाहीतर चार पोरं धक्का मारतात. खरी परीक्षा घरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर होते, जिथं आपल्या ओळखीचं कोणी नाही, ऊन डोक्यावर आहे, गाडीत आई बसलेली आहे आणि समोरचा मेकॅनिक बोनेट उघडून विचारतो की भाऊ, याला स्कॅनर कुठं लावायचा?

हे सगळं मी चुका करून शिकलोय. सगळ्यात मोठी चूक दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. पांढुर्ण्याहून लग्न आटोपून येत होतो, केळवद सोडलं, सावनेर दहा-बारा किलोमीटर राहिलं असेल, गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. मी लगेच ठरवून टाकलं की कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, कचरा. का ठरवलं माहीत नाही, आदल्या महिन्यात एकदा तसं झालं होतं म्हणून असेल. रस्त्याच्या कडेला उभं राहून कार्बोरेटर उघडला, मेन जेट, म्हणजे पेट्रोल जायचा बारीक भोकाचा तुकडा, काढला, फुंकर मारली, आणि तेवढ्यात बाजूनं ट्रक गेला तर त्या धुरळ्यात जेट हातातून कुठं गेला ते कळलंच नाही. आता गाडीत दोन दोष झाले, एक तिचा आणि एक माझा.

काकांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "कार्बोरेटरले हात कायले लावला बे? तुले किती खेपा सांगितलं, आधी करंट पाय, मंग पेट्रोल पाय, पाना मंग हातात घे."

हा सगळा लेख म्हणजे त्या एका वाक्याचाच विस्तार आहे समजा. रस्त्यावर आपल्याला गाडी पूर्ण नीट करायची नसते, तिला सावलीपर्यंत, मग गावापर्यंत आणि मग घरापर्यंत आणायचं असतं. एवढं डोक्यात बसलं की अर्धे वेडेपणाचे निर्णय आपोआप टळतात.

आधी माणसं, मग गाडी

गाडी आचके द्यायला लागली की वेग आहे तोवरच डावीकडे घ्या. पूर्ण बंद पडेपर्यंत वाट पाहू नका, तोवर मधल्या लेनमध्ये अडकता. शक्यतो सरळ पट्टा बघा, वळणावर किंवा पुलावर थांबू नका. जमिनीकडे पण बघा, मे महिन्यात कडेचं गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, तापलेला सायलेन्सर त्यावर टेकला तर पेटायला वेळ लागत नाही.

जुन्या बऱ्याच गाड्यांत चारही इंडिकेटर एकदम लावायचं बटण नसतंच, माझ्या गाडीत मी ते नंतर दीडशे-दोनशे रुपयांच्या स्विचनं करून घेतलं. पण त्यावर विसंबू नका कारण बॅटरीचाच घोळ असेल तर ते पण बंद. घडीचा लाल त्रिकोण डिकीत ठेवा आणि निदान पन्नास पावलं मागं नेऊन ठेवा, हायवेवर त्याच्या दुप्पट. लोक गाडीच्या पाच फुटांवर ठेवतात, त्याचा फोटो काढण्यापलीकडं उपयोग नाही.

आतल्या माणसांना डाव्या बाजूनं उतरवा आणि रस्त्यापासून लांब झाडाखाली बसवा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री तापमान नोंदलं गेलंय, अशा उन्हात बंद गाडीची केबिन म्हणजे भट्टी. प्यायचं पाणी वेगळं आणि रेडिएटरचं पाणी वेगळं ठेवा. दुपट्टा प्रत्येकाकडं हवाच. आणि हो, खिशात कांदा. आई ठेवते, मी पण ठेवतो, हसायचं त्यांनी हसावं.

एक अपवाद सांगतो. जबलपूर रोडनं निघालात आणि मनसरच्या पुढं पेंचच्या जंगलपट्ट्यात गाडी बसली, तर झाडाखाली वगैरे बसू नका. तिथं हायवे उचलून खालून जनावरांना जायला वाटा ठेवल्यात, त्या उगाच नाही ठेवल्या. गाडीतच काचा थोड्या खाली करून बसा, १०३३ लावा आणि पेट्रोलिंगवाल्यांची वाट बघा.

१०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा नंबर आहे, चोवीस तास चालतो. ते लोक क्रेन पाठवून गाडी धोक्याच्या जागेवरून हलवायला मदत करतात, तुमच्या घरापर्यंत सोडतील अशी आशा ठेवू नका. फोनवर जागा सांगताना कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कुठल्या गावाकडून कुठल्या गावाकडे चाललोय ते सांगा, "सावनेरच्या जवळ आहे" यानं कोणी सापडत नाही. अपघात किंवा तब्येतीचं काही असेल तर ११२ आणि १०८ आहेतच.

दहा मिनिटं काहीच उघडायचं नाही

त्रिकोण लावून झाला, माणसं बसली, आता पाणी प्या आणि आठवा. गाडी कशी बंद पडली? कोणी बटण दाबल्यासारखी एकदम गप्प झाली असेल तर बहुतेक करंट गेला. आचके देत, दम तोडत, थोडी चालून परत आचके देत थांबली तर बहुतेक पेट्रोल. गाडीची ताकद कमी होत गेली, काटा लालमध्ये, वास आला, तर पाणी. आणि आवाज करून थांबली, खडखड किंवा धाड असा, तर मग पाना पेटीतच राहू द्या, सेल्फ (स्टार्टर) पण मारू नका, सरळ टोचनची, म्हणजे गाडी ओढून न्यायची व्यवस्था बघा.

दुसरा प्रश्न, मागच्या पंधरा दिवसांत गाडीत कशाला हात लागला होता? नवीन प्लग टाकले, स्पीकर बसवला, कॅप बदलली, काहीही. माझा अनुभव असा की दहातल्या सहा वेळा दोष तिथंच सापडतो जिथं शेवटचा पाना फिरला होता.

पेट्रोलचा काटा बघू नका. जुन्या गाडीचा काटा आणि भोलानाथाचा पाऊस सारखाच. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवा, डबडब आवाज येतो का ऐका.

करंट

पेटीत एक जुना चालू प्लग कायम ठेवा. एका प्लगची वायर काढा, या जुन्या प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर उघड्या हातानं धरू नका, कोरड्या कपड्यानं किंवा रबरी मूठ असलेल्या पक्कडीनं धरा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी पडली म्हणजे करंट ठीक आहे, पुढं पेट्रोलकडे जा. पिवळी, मरगळलेली पडली तर पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), त्याला जळू न देणारा कंडेन्सर, किंवा क्वाइल (बॅटरीचा करंट ठिणगीएवढा वाढवणारी). पडलीच नाही तर खालीलप्रमाणे एक एक.

टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरा आणि एक बारा व्होल्टचा बल्ब, घरी करता येतो. इग्निशन चालू करून क्वाइलच्या ज्या टोकाला किल्लीकडून वायर येते तिथं लावा, दुसरी वायर बॉडीला. बल्ब लागला नाही तर दोष क्वाइलच्या मागं आहे, किल्लीचा स्विच, वायर. तात्पुरतं बॅटरीच्या प्लसपासून थेट एक वायर क्वाइलला देऊन गाडी चालू होते, पण मग बंद करायला पण तीच वायर काढावी लागते हे लक्षात ठेवा, आणि गाडी बंद असताना ती तशीच ठेवली तर क्वाइल भाजून निघते.

बल्ब लागला तर डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे चारही प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप काढा. आत बारीक काळी रेघ दिसते का बघा, तडा गेला की तिथून करंट पळतो. मधला कार्बन जागेवर आहे का, आत फिरणाऱ्या रोटरला तडा नाही ना. मग पॉइंट. हातानं इंजिन फिरवून पॉइंट पूर्ण उघडा, तोंडं काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपरनं दोनदा घासा आणि स्वच्छ कापडानं पुसा, पेपरची भुकटी आत राहिली तर परत तेच. गॅप साधारण ०.४ मिलिमीटर. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालतं, ते अगदी बरोबर नाही पण घरी आणतं.

कंडेन्सर गेला की ठिणगी पिवळी पडते, पॉइंट लवकर जळतात आणि गाडी गरम झाली की जास्त त्रास देते. स्पेअर नसेल तर गावात जुन्या पॉइंटवाल्या स्कूटरचा कंडेन्सर मिळाला तरी भागतं. त्याचं अंग बॉडीला आणि वायर पॉइंटच्या टोकाला जोडा, वेळ निघून जाते. क्वाइलची गंमत वेगळी, ती तापली की मरते आणि थंड झाली की जिवंत. अर्ध्या तासानं आपोआप चालू होऊन वीस किलोमीटरवर परत बंद पडणारी गाडी दिसली की क्वाइलवर हात ठेवून बघा, हात ठेवता येत नसेल एवढी तापली असेल तर चोर सापडला.

आता माझा तो सावनेरचा दोष. काका दीड तासानं मोटरसायकलवर आले, नवा जेट घेऊन. आधी कार्बोरेटर जोडून दिला, काही न बोलता, त्यांचं न बोलणं जास्त लागतं. मग कॅप काढली, आणि पॉइंटकडे जाणारी आतली बारीक वायर दोन बोटांत धरून हळू ताणली. वायर वरून एकदम धडधाकट, रबर कुठंही फाटलेलं नाही. पण ताणल्यावर ती मधूनच चिंगमसारखी लांब झाली. आत तांबं तुटलेलं, वर नुसतं रबर जोडलेलं! पॉइंटची ती प्लेट गाडी चालताना सारखी मागंपुढं हलते नं, तिच्याबरोबर वायर वाकून वाकून आतून तुटते. जाग्यावर सहा इंच मऊ वायर टाकली, सेल्फ मारला, पहिल्या अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू. दोन रुपयांची वायर, आणि मी कार्बोरेटर खोलून बसलो होतो. तेव्हापासून मी कॅप काढली की आधी ती वायर ताणून बघतो, मग बाकीचं.

प्लगच्या वायरा काढायच्या आधी फोटो काढा, नाहीतर प्रत्येकीवर नेलपॉलिशचे ठिपके द्या. पद्मिनीचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. दोन वायरा अदलाबदल झाल्या की गाडी फटाके फोडते आणि माणूस समजतो इंजिन गेलं.

पेट्रोल

ठिणगी चांगली आहे तरी चालू होत नाही, तर कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून त्याचं तोंड एका बाटलीत धरा आणि सेल्फ मारायला सांगा, पण इंजिन थोडं थंड झाल्यावरच, सिगरेटवाल्या बघ्यांना लांब पाठवून. झटक्या-झटक्यानं पेट्रोल यायला पाहिजे. येत नसेल तर एसी पंप. नाव ऐकून नवीन लोक गोंधळतात, त्याचा थंड हवेशी काही संबंध नाही, इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपाला सगळे मिस्त्री एसी पंपच म्हणतात.

उन्हाळ्यात आपल्याकडं सगळ्यात जास्त जे होतं ते म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ अडकणं. पंप इंजिनाच्या अंगाला, इंजिन तापलेलं, बाहेर ४५ डिग्री, पेट्रोल पाइपातच उकळतं आणि पंप वाफ ओढू शकत नाही. ओळखायची खूण सोपी, गाडी चालताना ठीक असते, टोलवर किंवा चहाला दहा मिनिटं थांबलात की परत चालू होत नाही, कारण थांबल्यावर हवा लागत नाही आणि इंजिनाची सगळी गरमी पंपावर येते. पारदर्शक फिल्टर बसवला असेल तर त्यात बुडबुडे दिसतात.

उपाय म्हणजे बोनेट उघडा, दुपट्टा ओला करून पंपावर आणि पाइपावर गुंडाळा, डिस्ट्रिब्युटरवर थेंब उडू देऊ नका, आणि वीस मिनिटं शांत बसा. पंपाला हातानं दाबायची छोटी दांडी असेल तर ती दहा-बारा वेळा दाबा. कोंढाळीच्या अलीकडं एकदा असाच बसलो होतो तर संत्र्याचा गाडीवाला भाऊ त्याच्याकडचं ओलं पोतंच घेऊन आला, म्हणाला ट्रकवाल्यांना पाहून पाहून मला पण समजते आता.

इथेनॉलचं पण सांगून टाकतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्या त्या काळात बनल्याच नव्हत्या. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, सगळं त्यानं फुगतं नाहीतर कडक होऊन तडकतं. इथेनॉल हवेतलं पाणी पण ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी असेल तर जुनं पेट्रोल घेऊन लांब निघू नका. नव्या पेट्रोलला चालणारे पाइप आणि पडदा मागून बसवून घ्या, फार खर्च नाही.

पंपाचा पडदा फाटला तर एक धोका आहे जो लोक विसरतात. पेट्रोल बाहेर गळण्याऐवजी खाली इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर इंजिन अजिबात चालवायचं नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं आणि आगीचा धोका वेगळाच.

बोनेटवर नाहीतर टपावर पेट्रोलची प्लास्टिक बाटली बांधून सलाइनसारखी नळी कार्बोरेटरला जोडायची, हा जुगाड कोणीतरी हमखास सुचवेल. सुचवणारा माणूस चांगला असतो पण ऐकायचं नाही. तापलेल्या सायलेन्सरच्या वर पेट्रोलची बाटली, राजेहो, गाडी जाऊ द्या पण भुवया तरी वाचवा. सीटखाली एक किलोचा आग विझवायचा सिलेंडर मात्र जरूर ठेवा.

पाणी आणि बेल्ट

काटा वर गेला, वाफ आली, तर बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. अर्धा-पाऊण तास नाही, कपडा गुंडाळून पण नाही. वरच्या पाइपाला हात लावून दाबता आला पाहिजे, मग झाकण एक टप्पा सैल करून फुसफुस जाऊ द्या आणि नंतर पूर्ण काढा. पाणी टाकताना इंजिन चालू ठेवून हळूहळू टाका. तापलेल्या कोरड्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतलं की हेडला नाहीतर ब्लॉकला तडा जाऊ शकतो, मग घरी आणायचं नुसतं सांगाडं.

गळती पाइपातून असेल आणि टोकाशी असेल तर तेवढं टोक कापून परत क्लिप आवळा. मधे फाटला असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळा, वरून बारीक तार, आणि झाकण पूर्ण घट्ट न लावता एका टप्प्यावर ठेवा म्हणजे आत दाब बनत नाही. पाणी जास्त लागेल, दर दहा किलोमीटरला थांबून बघावं लागेल, पण गाव येतं. रेडिएटरच गळत असेल तर जुना तांब्या-पितळेचा असल्यानं त्याला टाका मारता येतो, हे आपलं नशीब. नव्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या टाक्यांना ती सोय नाही. अमरावती रोडनं येत असाल तर वाडीपर्यंत कसंही पोचा, तिथं ट्रकवाल्यांची सगळी कामं होतात, रेडिएटर, वेल्डिंग, पाटे.

डिपस्टिकवर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, हेड गॅसकेट गेली. टोचन.

फॅन बेल्ट तुटला तर पाण्याचा पंप पण बंद होतो आणि चार्जिंग पण. मोजे बांधायचे, दोरी बांधायची असले प्रकार मी दोन करून बघितले, एक किलोमीटर पण टिकले नाहीत. जुना काढलेला पण चालू बेल्ट डिकीत ठेवा, बस. नसेलच तर दोन-तीन किलोमीटर चालवा, बंद करा, थंड होऊ द्या, परत दोन-तीन.

बेल्ट ठीक आहे आणि फक्त चार्जिंगचा लाल दिवा लागलाय, तर घाबरायचं कारण नाही, हिशोब करा. क्वाइलला साधारण तीनेक अँपियर लागतात. ३२ अँपियर-अवरची बॅटरी भरलेली असेल तर दिवसा पाच-सहा तास तरी आरामात निघतात, अट एवढीच की इंजिन बंद करायचं नाही, कारण सेल्फ एकदा मारला की बरंच खाऊन टाकतो. हेडलाइट लावले की मात्र दोन ४५ वॅटचे बल्ब म्हणजे साडेसात अँपियर वरून, मागचे दिवे, वायपर, सगळं धरलं तर दोन-अडीच तासांत अंधार. म्हणून चार्जिंग गेलं की सूर्य बघून निघायचं, आणि पोचणार नसाल तर दिवस मावळायच्या आत मुक्काम.

सेल्फ, धक्का, टायर, गियर

सेल्फ मारल्यावर नुसतं टक होतं, तर हेडलाइट लावून परत मारा. लाइट एकदम मंद झाले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल, लाइट तसेच राहिले तर सेल्फकडचं कनेक्शन. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर गरम पाणी ओता, घासा, आवळा, निम्म्या गाड्या एवढ्यानं चालू होतात. दुसऱ्या गाडीवरून वायरी लावताना प्लस-मायनस दोनदा बघा. पद्मिनीत मायनस बॉडीला असतो पण खूप जुन्या ब्रिटिश गाड्यांत उलटं असू शकतं, तिथं घाई केली तर दोन्ही गाड्या बसतात. धक्का दुसऱ्या गियरमध्ये, आणि बॅटरी अगदीच मेली असेल तर माझ्यासारख्या अल्टरनेटर बसवलेल्या गाडीला धक्का मारून पोरांना फक्त घाम येतो.

टायरला ट्यूब आहे, त्यामुळं ट्यूबलेसचं पंक्चर किट घेऊन फिरण्यात अर्थ नाही. डिकीत एक स्पेअर ट्यूब ठेवा, कारण जुन्या मापाची ट्यूब सावनेरला पण मिळत नाही आणि सीताबर्डीत पण शोधावी लागते. स्टेपनीतली हवा निघायच्या आदल्या दिवशी बघायची, रस्त्यावर नाही.

स्टीअरिंगवरचा गियर दोन गियरच्या मधे अडकून बसला तर जोर लावू नका, दांडी वाकते. इंजिन बंद, बोनेट उघडा, कॉलमच्या खालच्या टोकाला दोन छोटे आर्म दिसतात, ते हातानं हलवून न्यूट्रलमध्ये एका रेषेत आणा. सुटतो. झिजलेला बुश बदलेपर्यंत परत अडकेल हे गृहीत धरा.

फ्यूज उडाला की सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणारा प्रत्येक गावात एक असतो. त्याला नमस्कार करा. उडालेला फ्यूज काहीतरी सांगत असतो, कागद लावला की मग वायरिंग सांगतं, धुरानं. जुन्या आकाराचे फ्यूज चार-पाच ठेवा, आताचे पट्टीवाले बसत नाहीत.

मिस्त्री शोधणं आणि टोचन

अनोळखी गावात "कारचा मेकॅनिक कुठं आहे" असं विचारू नका. "सगळ्यात जुना मिस्त्री कोण" विचारा. ट्रॅक्टरवाला, जीपवाला, जुन्या काळीपिवळीवर हात बसलेला काका, ज्याला पॉइंट आणि कार्बोरेटर हे शब्द ऐकून आनंद होतो. त्याला मेहनताना आधी विचारा, जवळ उभे राहा, आणि जे उघडेल त्याचा फोटो काढत राहा. स्क्रू जमिनीवर नाही, पांढऱ्या रुमालावर. आपल्या शहरातल्या मिस्त्रीला फोन लावून त्या दोघांना बोलायला लावा, ते पाच मिनिटांत एकमेकांचे भाऊ होतात.

टोचन करायचंच झालं तर शक्यतो फ्लॅटबेड, भाडं आणि टोल धरून किती ते आधी ठरवून. ट्रॅक्टरच्या मागं रस्सा बांधून न्यायची वेळ आली तर रस्सा क्रोमच्या बंपरला बांधू नका, मी बांधला होता, बंपर ट्रॅक्टरबरोबर पुढं गेला आणि मी मागं राहिलो. खालच्या मजबूत लोखंडाला बांधा. गियर न्यूट्रल, किल्ली फिरवलेली, म्हणजे स्टीअरिंग लॉक होणार नाही. वेग वीसच्या आत. ट्रॅक्टरवाल्याशी हॉर्नची भाषा आधी ठरवा, एक म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. रात्री टोचन नाही म्हणजे नाही.

गाडी रात्रभर सोडावी लागली तर पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या धाब्यावर, मालकाला सांगून, जमलं तर चार शब्द जास्त बोलून. बॅटरीचं एक टर्मिनल काढा आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढून खिशात घाला. त्या एवढ्याशा तुकड्याशिवाय गाडी चालू होत नाही. आरसी, विमा, पीयूसी गाडीत ठेवू नका.

विम्याचं एक. रस्त्यावरच्या मदतीची सोय पॉलिसीत आहे असं समजून बसू नका, इतक्या जुन्या गाडीला बऱ्याचदा ती देत नाहीत. निघायच्या आधी एजंटाला स्पष्ट विचारा.

आणि रस्ता निवडताना माझं मत, पटलं तर घ्या. जुनी गाडी घेऊन मी समृद्धी महामार्गावर जात नाही. ७०१ किलोमीटरचा रस्ता, सुरेख आहे, पण बाहेर पडायचे फाटे लांब-लांब, सावली नाही, आणि बाकीचे १२० नं जात असताना आपण ६० नं कडेकडेनं. त्यापेक्षा कोंढाळी, कारंजा, तळेगाव करत जुन्या रस्त्यानं जातो, दर थोड्या वेळानं गाव येतं, गावात चहा असतो आणि चहावाल्याला मिस्त्री माहीत असतो. मे महिन्यात पहाटे पाचला निघायचं आणि अकराच्या आत गाडी सावलीत.

डिकीतल्या पेटीत वर जे जे आलं ते सगळं, शिवाय आठ ते एकोणीसचे पाने, प्लगचा पाना, रोटर, कॅप, पॉइंट, दोन फूट पेट्रोल पाइप, क्लिपा, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, टॉर्च आणि दहा लिटर पाणी. घरी आल्यावर त्याच आठवड्यात जुगाड काढून पक्कं काम करून घ्या आणि पेटीतून जे गेलं ते परत भरा, हे मी आळस करून दोनदा भोगलंय.

त्या दिवशी सावनेरहून घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. दुसऱ्या दिवशी बायको कपडे भिजवायला बसली आणि बादलीच्या तळाशी टण्ण झालं. मेन जेट, दुपट्ट्याच्या घडीत अडकलेला. आता तो पेटीतल्या छोट्या डबीत असतो, स्पेअर म्हणून.